‘साहेब, यावर आमचं इंटरनेट चालत नाही’



गेल्या काही भागांत आपण तारायंत्र, फील्ड टेलिफोन आणि वायरलेस सेट यांच्याबद्दल बोललो. आजचा विषय त्यामानाने घरगुती आहे. बडोद्याच्या एका श्रोत्याने विचारलं आहे: ‘मी जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकलं. नवीन इंटरनेट घ्यायला गेलो, तर कंपनीचा माणूस म्हणाला, यावर आमचं चालत नाही, विंडोज टाका. सर, तुम्ही सिग्नलमध्ये होतात. मी कोणत्या कंपनीचं इंटरनेट घेऊ?’

कंपनीचं नाव मी सांगणार नाही. बडोद्यात जी चांगली, ती इंदुरात किंवा बेळगावात चांगली असेलच असं नाही, आणि आज चांगली ती पुढच्या वर्षी तशीच राहील याचीही खात्री नाही. पण ‘यावर आमचं चालत नाही’ हे वाक्य मी गेली पंचवीस वर्षं ऐकतो आहे. ते कुठून आलं, कधी खरं होतं आणि कधी खोटं, हे कळलं की कोणाकडून जोडणी घ्यायची ते तुमचं तुम्हीच ठरवाल. या वाक्याची किंमत माझ्या घरच्यांनीही एकदा मोजली आहे. तीही गोष्ट आज सांगतो.

आधी एक सिग्नलचा धडा

सैन्यात आमच्याकडे निरनिराळ्या देशांत बनलेले, निरनिराळ्या पिढ्यांचे वायरलेस सेट असत. डोंगराच्या या बाजूला एक सेट, त्या बाजूला दुसराच. सेट कोणत्या कारखान्यातून आला, हे ऑपरेटर विचारत नसे. फ्रीक्वेन्सी कोणती, मोड कोणता, कॉलसाइन काय, हे तीन प्रश्न विचारायचे. ते जुळले की बोलणं सुरू. नाही जुळले, तर दोन्हीकडे एकाच कारखान्याचे सेट असूनही उपयोग नाही.

इंटरनेटही याच तत्त्वावर उभं आहे. दोन टोकांना कोणतीही यंत्रं असोत, मधली भाषा ठरलेली आणि सर्वांना खुली हवी. ही ठरलेली भाषा सोडून कंपनी जेव्हा आपला खास प्रोग्रॅम ग्राहकाच्या हातात देते, तेव्हा भांडण सुरू होतं. कारण तो प्रोग्रॅम कोणत्या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालेल, हे मग कंपनी ठरवते.

हे भांडण इंटरनेटच्याही आधीचं आहे. अमेरिकेत टेलिफोन कंपनीच्या तारेला कंपनीचंच यंत्र लावायचं, असा नियम होता. टेक्सासच्या टॉम कार्टर नावाच्या माणसाने एक साधन बनवलं. त्यावर टेलिफोनचा हँडसेट ठेवला की वायरलेसवरचा माणूस टेलिफोनवरच्या माणसाशी बोलू शके. त्याचं नाव कार्टरफोन. कंपनीने हरकत घेतली, प्रकरण तिथल्या दूरसंचार आयोगापुढे गेलं, आणि १९६८ मध्ये निकाल लागला: जाळ्याला अपाय होत नसेल, तर ग्राहक स्वतःचं यंत्र तारेला लावू शकतो. पुढे निरनिराळ्या कंपन्यांचे मोडेम बाजारात आले, ते या निकालाने उघडलेल्या वाटेने. आपल्याकडे तर कित्येक वर्षं भिंतीवरची तारही खात्याची आणि टेबलावरचं काळं यंत्रही खात्याचंच. तेव्हा ‘आमच्या तारेला तुमचं यंत्र कशाला’ ही वृत्ती फार जुनी आहे.

भारतातलं इंटरनेट युनिक्सच्या घरात जन्मलं

आज गंमत वाटेल, पण आपल्याकडे इंटरनेटची सुरुवात विंडोजवर झालेली नाही. १९८६ मध्ये केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने ‘अर्नेट’ हा शैक्षणिक जाळ्याचा प्रकल्प सुरू केला. पाच आयआयटी, बंगळूरचं भारतीय विज्ञान संस्थान, मुंबईच्या जुहूचं एनसीएसटी आणि स्वतः तो विभाग, अशा आठ जागा त्यात होत्या. मुंबईत एनसीएसटी आणि पवईची आयआयटी यांच्यात साध्या टेलिफोनच्या तारेवरून ईमेलची देवाणघेवाण सुरू झाली, ती युनिक्स संगणकांच्या यूयूसीपी पद्धतीने. म्हणजे जुहू ते पवई हा भारतीय इंटरनेटच्या पहिल्या पायवाटांपैकी एक.

सर्वसामान्यांसाठी इंटरनेट आलं १५ ऑगस्ट १९९५ ला. विदेश संचार निगम, म्हणजे व्हीएसएनएलने, मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नई इथून ते सुरू केलं. सुरुवातीचा वेग ९.६ किलोबिट. व्यक्तींसाठी २५० तासांचे सुमारे ५,००० रुपये. संस्थांना संगणक थेट जाळ्यावर आणायचा असेल, तर सुमारे १५,०००.

त्या काळी खात्यांचे दोन प्रकार होते. स्वस्तातलं ते ‘शेल’ खातं. त्यात तुमचा संगणक इंटरनेटवर येतच नसे. तुम्ही टेलिफोनने कंपनीच्या युनिक्स यंत्राला जोडून घ्यायचं आणि त्या यंत्रावर बसल्यासारखं काम करायचं. काळा पडदा, त्यावर अक्षरं. पत्रांसाठी पाइन, वाचायला लिंक्स. चित्र नाही, माउस नाही. दुसरा प्रकार महागडा, टीसीपी/आयपीचा. त्यात तुमच्याच संगणकाला इंटरनेटचा पत्ता मिळे आणि चित्रंही दिसत.

आता यातली मौज पाहा. शेल खातं घेणाऱ्याला कोणीही विचारत नव्हतं, की तुझ्याकडे कोणती ऑपरेटिंग सिस्टिम आहे. डॉस असो, विंडोज ३.१ असो, मॅक असो, नाहीतर एखादा जुना टर्मिनल असो. मोडेम फोन लावू शकला आणि पडद्यावर अक्षरं उमटली की झालं. उलट विंडोज ३.१ ला इंटरनेटची भाषा मुळात येतच नव्हती. त्यासाठी ट्रम्पेट विनसॉक नावाचा प्रोग्रॅम वेगळा टाकावा लागे. तो लिहिला होता ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियाच्या पीटर टॅटमने.

आणि शेल खात्यातही हुशार पोरांनी वाट काढलीच. ‘स्लर्प’ नावाचा एक छोटा प्रोग्रॅम होता. तो कंपनीच्या युनिक्स यंत्रावर आपल्या खात्यात चालवायचा. मग तो तुमच्या वतीने बाहेर बोलणी करी, आणि अक्षरांच्या स्वस्त खात्यातून चित्रांचं इंटरनेट घरी येई. आज एका संगणकाच्या पोटात दुसरा आभासी संगणक चालवतात ना, त्याला इंटरनेट द्यायला स्लर्पचाच वंशज अजून वापरला जातो.

व्हीएसएनएलच्या त्या १५ ऑगस्टनंतर बरोबर नऊ दिवसांनी, २४ ऑगस्ट १९९५ ला, अमेरिकेत विंडोज ९५ बाजारात आलं. इंटरनेटची भाषा त्यात अंगभूत होती. पुढच्या चार-पाच वर्षांत भारतातल्या घरोघरच्या संगणकांवर तेच बसलं. नोव्हेंबर १९९८ मध्ये सरकारने खासगी कंपन्यांना इंटरनेट सेवेचं दार उघडलं, तेव्हा नव्या कंपन्यांनी आपले ग्राहक पाहिले, तर जवळजवळ सगळे विंडोजवाले. मदतकेंद्रातल्या मुलांना कागद दिला गेला: आधी ‘स्टार्ट’ दाबा, मग ‘सेटिंग्ज’, मग ‘कंट्रोल पॅनेल’. त्या कागदावर नसलेला ग्राहक त्या दिवसापासून परका झाला.

सिकंदराबादचा मोडेम

मी असा परका ग्राहक झालो १९९९ मध्ये, सिकंदराबादला असताना. मी पदवीधर, पण संगणकशास्त्राचा नव्हे. घरी एक असेंबल केलेला संगणक घेतला. दुकानदाराने विंडोज ‘टाकून दिलं’. बिलावर त्याचा उल्लेख नव्हता. मी विचारलं, तर तो हसला. म्हणाला, ‘साब, सब ऐसे ही लेते हैं.’ मेसमध्ये एक रुपयाचा चहासुद्धा सही करून घेणारा माणूस मी. घरात चोरीचा माल ठेवायला मन घेईना, आणि परवान्याचा खर्च त्या वेळच्या पगाराला जड होता.

त्याच सुमारास ‘पीसी क्वेस्ट’ मासिक आपल्या अंकासोबत लिनक्सची सीडी देत असे. लिनस टॉरवाल्ड्स या फिनलंडच्या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये सुरू केलेली ही युनिक्ससारखी प्रणाली फुकट होती, वाटायला मोकळी होती, आणि तिचा मूळ मजकूर कोणालाही वाचता येत होता. मी दोन रविवार खर्च करून ती बसवली. सगळं चाललं, फक्त मोडेम चालेना.

का चालेना, हे कळायला मला महिना लागला. मोडेमचं काम म्हणजे संगणकाच्या आकड्यांचं टेलिफोनच्या आवाजात रूपांतर करणं आणि उलट. जुन्या मोडेममध्ये हे काम करणारी चिप आतच असे. पुढे स्वस्ताई करण्यासाठी कारखान्यांनी ती काढून टाकली आणि तिचं काम संगणकाच्या मुख्य प्रोसेसरवर ढकललं. ते काम करून घेणारा प्रोग्रॅम लिहिला फक्त विंडोजसाठी. म्हणून त्या कार्डांना नावच पडलं ‘विनमोडेम’. माझ्या संगणकात होतं ते कार्ड तेच. लिनक्सच्या लेखी तो निव्वळ पत्र्याचा तुकडा होता.

यावर उपाय होता बाहेरचा, सिरियल तारेने जोडायचा मोडेम. महाग, पण पूर्ण. त्याला ‘एटीडीटी’ आणि पुढे नंबर अशी आज्ञा दिली की तो फोन लावणार. ही आज्ञांची भाषा अमेरिकेतल्या हेज कंपनीने १९८१ मध्ये आणली. ती इतकी रुळली, की सगळे मोडेम तीच बोलू लागले. पुन्हा तोच धडा: ठरलेली भाषा बोलणारं यंत्र कोणाशीही जमवून घेतं.

माझ्या नव्या मोडेमनेही पहिल्या दिवशी हट्ट केला. ‘नो डायलटोन’ म्हणायचा आणि थांबायचा. रिसीव्हर उचलला तर टोन व्यवस्थित ऐकू येई. त्याला हवा होता परदेशी एक्स्चेंजचा टोन. आमच्या एक्स्चेंजचा टोन त्याला टोन वाटेचना. मग ‘एक्स ३’ ही आज्ञा आधी द्यायची, म्हणजे ‘टोनची वाट पाहू नकोस, गुमान फोन लाव’. ती दिली आणि गाडी सुरू झाली.

आता प्रश्न कंपनीचा. एका कंपनीची सीडी आणली, तर तिच्यात विंडोजचा ‘डायलर’. मदतकेंद्राला फोन केला. मी विचारलं, ‘तुमचा सर्व्हर पीएपी पद्धतीने ओळख पटवतो, की आधी नाव आणि पासवर्ड टाइप करावा लागतो?’ पलीकडचा मुलगा म्हणाला, ‘सर, आधी स्टार्टवर क्लिक करा.’ मी म्हटलं, ‘माझ्याकडे स्टार्ट नाही.’ तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, ‘सर, मग आपल्याकडे कॉम्प्युटर नाही.’

मला राग आला होता, पण चूक त्या मुलाची नव्हती. त्याच्या हातातल्या कागदावर माझ्यासारखा ग्राहकच नव्हता. मी दुसऱ्या कंपनीला फोन केला आणि या वेळी ‘लिनक्स’ हा शब्दच उच्चारला नाही. चार गोष्टी विचारल्या: कोणत्या नंबरला फोन लावायचा, नाव काय, पासवर्ड काय, आणि डीएनएस सर्व्हरचे पत्ते कोणते. चारही मिळाल्या. त्या चार ओळी केपीपीपी नावाच्या लिनक्सच्या प्रोग्रॅममध्ये भरल्या, मोडेम किंचाळला, गुरगुरला आणि जोडला गेला. रंगीत डायलरच्या आतही याच चार गोष्टी होत्या. कंपनी मधली ठरलेली भाषा बोलत होती, फक्त तिच्या मदतकेंद्राला ते ठाऊक नव्हतं. अशा वेळी ‘यावर चालत नाही’ याचा अर्थ असतो, ‘आम्हाला चालवून दाखवता येत नाही’.

इंदूरचं वर्ष

पण दरवेळी तसं नसतं, हे मला २००६ मध्ये कळलं.

माझी बदली ईशान्येला, फील्डमध्ये झाली. तिथे कुटुंब नेता येत नाही. सौभाग्यवतींचं माहेर इंदूरचं, म्हणून बिऱ्हाड तिथे केलं. मुलगी बारावीला होती. संगणकावर मी मोठ्या अभिमानाने फक्त लिनक्स ठेवलं होतं. घरच्यांना त्याची सवय झाली होती. मुलगी त्यावर शाळेचे प्रकल्प करत असे आणि हिला त्यावर पत्रं लिहिता येत. डायलअप संथ पडत होतं, म्हणून मी जाण्याआधी घाईत गल्लीतल्या केबलवाल्याकडून ब्रॉडबँड घेतलं. पैसे सहा महिन्यांचे आगाऊ दिले. तार आली, कनेक्शनवाला दुसऱ्या दिवशी येणार होता. मी त्याच संध्याकाळी गाडीत बसलो.

दुसऱ्या दिवशी तो आला, पडदा पाहिला आणि म्हणाला, ‘इस पर हमारा नहीं चलेगा.’ या वेळी ते खरं होतं. त्या सेवेत आत शिरायला त्यांचा स्वतःचा लॉगिनचा प्रोग्रॅम लागत होता. तो दर काही मिनिटांनी सर्व्हरला ‘मी जिवंत आहे’ असा निरोप देई. निरोप थांबला की जोडणी बंद. तो प्रोग्रॅम फक्त विंडोजवर चालत होता, आणि त्याची भाषा कोणाला खुली नव्हती. चार गोष्टी विचारून भागणार नव्हतं.

मला आठवड्यातून एकदा घरी फोन मिळायचा, तोही काही मिनिटांचा, मागे जवानांची रांग. तेवढ्यात मी हिला आज्ञा टाइप करायला सांगायचो. तिने निमूटपणे टाइप केल्या. काहीही झालं नाही. ‘विंडोज टाकून घेऊ का?’ असं तिने दोनदा विचारलं, आणि मी दोनदा म्हणालो, ‘थांब, मी सुट्टीत येऊन बघतो.’

तोवर मुलगी सायबर कॅफेत जात होती. रात्री एकटी जायची नाही, म्हणून आईला वेळ असेल तेव्हाच. बारावीनंतरच्या प्रवेशासाठी तिने अर्ज केले होते. त्यातल्या एका संस्थेचं मुलाखतीचं बोलावणं ईमेलने आलं. ते तिने चार दिवसांनी उघडलं. मुलाखतीची तारीख आदल्या दिवशी होऊन गेली होती.

तिने पुढे दुसरीकडे प्रवेश घेतला, चांगली शिकली, आज उत्तम काम करते आहे. तिने मला कधी ऐकवलं नाही. हिनेही नाही. पण मला ठाऊक आहे, की त्या घरात निर्णय माझा होता, आणि तो मी माहिती न घेता केला होता. सिग्नलचा अधिकारी असून मी दुसऱ्या टोकाचा मोड विचारायला विसरलो होतो. केबलवाल्याचा दोष होताच, पण त्याच्या आधी माझा होता.

त्यातून बाहेर काढलं ते मुलीनेच. तिने बीएसएनएलच्या टेलिफोनवरच्या ब्रॉडबँडची चौकशी केली आणि काउंटरवर एकच प्रश्न विचारला: ‘मोडेमला इथरनेटचं भोक आहे का, की नुसतं यूएसबी?’ हा प्रश्न तिने माझ्या टेबलावरच्या एका जुन्या छापील कागदावर वाचला होता. यूएसबीने जोडला तर मोडेमसाठी पुन्हा ड्रायव्हर हवा, म्हणजे पुन्हा विंडोज. इथरनेटने जोडला तर मधली भाषा ठरलेली. मोडेमला दोन्ही होती. जोडणाऱ्या माणसाने सवयीने यूएसबीची तार काढली. तिने ती परत पिशवीत ठेवायला लावली आणि काही शे रुपयांचं लॅन कार्ड आणून बसवून घेतलं. ओळख पटवायची पद्धत पीपीपीओई, म्हणजे टेलिफोनच्या पीपीपीचाच धाकटा भाऊ. १९९९ मध्ये तिचा मसुदा सर्वांसाठी प्रसिद्ध झालेला आहे. लिनक्समध्ये ती होतीच. पुढच्या फोनवर मुलगी म्हणाली, ‘बाबा, चालू झालं. तुम्ही काही सांगू नका आता.’

मधल्या पेटीने केलेला तह

त्यानंतरचा इतिहास लवकर आटोपतो. २००४ च्या ब्रॉडबँड धोरणाने २५६ किलोबिट ही किमान मर्यादा ठरवली होती. जोडण्या वाढल्या, आणि घरात एकाऐवजी दोन-तीन संगणक आले. मग मोडेमच्या आतच राउटर आला. आता ओळख पटवायचं काम ती पेटी करू लागली आणि घरातल्या यंत्रांना नुसता पत्ता वाटू लागली. पेटीच्या आतल्या बाजूला विंडोज आहे, मॅक आहे की लिनक्स, हे कंपनीला कळायचं कारणच उरलं नाही.

त्यातही आणखी एक गंमत आहे. अशा पेट्यांपैकी पुष्कळ स्वतःच लिनक्सवर चालतात. २००३ मध्ये लिंक्सिसच्या डब्ल्यूआरटी ५४ जी या राउटरमध्ये लिनक्स असल्याचं उघड झालं, परवान्याच्या अटीनुसार कंपनीला त्याचा मूळ मजकूर खुला करावा लागला, आणि त्यातूनच पुढे ‘ओपन डब्ल्यूआरटी’ हा राउटरसाठीचा खुला प्रकल्प उभा राहिला. तुमच्या खिशातल्या अँड्रॉइड फोनच्या गाभ्यातही लिनक्सच आहे. ‘लिनक्सवर आमचं चालत नाही’ म्हणणारा माणूस बहुतेक वेळा लिनक्सवरच चालणारी पेटी तुमच्या भिंतीला ठोकत असतो.

मध्ये २०१० च्या आसपास यूएसबी डेटाकार्डांचा काळ आला आणि जुना रोग उलटला. कार्ड लावलं, की ते आधी सीडी असल्याचं सोंग घेई. आत विंडोजचा प्रोग्रॅम. तो चालला की मगच ते मोडेम होई. लिनक्सवाल्यांनी ‘यूएसबी मोडस्विच’ नावाचा प्रोग्रॅम लिहून ते सोंग उतरवलं. पुढे फोननेच हॉटस्पॉट द्यायला सुरुवात केली आणि डेटाकार्डंही मागे पडली.

आज काय विचाराल

बडोद्याच्या मित्रांनो, आता तुमचं उत्तर. कंपनी निवडताना ‘लिनक्सवर चालतं का?’ असं विचारू नका. उत्तर देणाऱ्याला ते ठाऊक नसतं, आणि ठाऊक नसलं की माणूस ‘नाही’ म्हणतो. त्याऐवजी हे पाच प्रश्न विचारा.

पहिला: जोडणी माझ्या घरात कोणत्या स्वरूपात येणार? राउटरमधून इथरनेट आणि वायफाय मिळणार असेल, तर लढाई जवळपास जिंकली.

दुसरा: ओळख कोण पटवणार, पेटी की माझा संगणक? पेटी असेल तर उत्तम. संगणक असेल तर पीपीपीओईने की ब्राउझरच्या पानावर? दोन्ही चालतील. ‘आमचा एक सॉफ्टवेअर टाकावा लागतो’ असं उत्तर आलं, तर आभार मानून बाहेर पडा.

तिसरा: जोडणी एका विशिष्ट यंत्राच्या पत्त्याला बांधलेली आहे का? काही ठिकाणी नेटवर्क कार्डाचा क्रमांक नोंदवून घेतात. मग संगणक बदलला की फोन करा, वाट पाहा. माझा राउटर लावला तर चालेल का, हेही त्यातच विचारा.

चौथा: बाहेरून माझ्या घरच्या यंत्रापर्यंत पोचता येईल असा स्वतंत्र पत्ता मिळतो का? पुष्कळ कंपन्या एका पत्त्यामागे अनेक घरं बसवतात. नुसतं वाचायला, पाहायला त्याने काही बिघडत नाही. पण लिनक्स वापरणाऱ्याला आज ना उद्या घरी छोटा सर्व्हर ठेवायची हौस येतेच.

पाचवा: बिघाड झाला तर तुम्ही काय तपासणार? विंडोज असल्याशिवाय तक्रारच नोंदवत नाहीत, असे लोक अजून आहेत. ‘पेटीवरचे दिवे पाहून सांगा’ म्हणणारे चांगले.

आणि माझ्या अनुभवाचं एक कलम: जोडणाऱ्या माणसासमोर, त्याच दिवशी, तुमच्याच संगणकावर एक पान उघडून दाखवायला सांगा. त्यानंतरच सही करा. एकदम सहा महिन्यांचे पैसे भरू नका. आणि जोडणी होण्याआधी गावाला जाऊ नका.

हे घरापुरतं नाही

कोणी म्हणेल, कर्नल, एवढा खटाटोप कशाला? सगळे वापरतात ते वापरावं. घरापुरता तो सल्ला चुकीचा नाही. २००६ मध्ये मी तो ऐकला असता तर बरं झालं असतं, हे मी आत्ताच सांगितलं.

पण देशापुरतं पाहा. सी-डॅकने २००७ मध्ये ‘बॉस’ ही भारतीय भाषांसाठीची लिनक्स आवृत्ती काढली. केरळच्या सरकारी शाळांतली मुलं कित्येक वर्षं लिनक्सवर शिकत आहेत. ऑगस्ट २०२३ मध्ये संरक्षण मंत्रालय आपल्या संगणकांवर विंडोजऐवजी उबुंटूवर आधारलेली ‘माया’ बसवणार असल्याच्या बातम्या आल्या. यातली कोणतीही गोष्ट तेव्हाच शक्य होते, जेव्हा बाहेरचा रस्ता वाहनाची कंपनी विचारत नाही. खुल्या भाषेचा आग्रह धरणारे ग्राहक होते, म्हणून हा रस्ता आज बराचसा मोकळा आहे. मुंबई, बंगळूर, दिल्लीत लिनक्सवाल्या तरुणांचे गट होते. कोणता मोडेम चालतो, कोणत्या कंपनीला काय विचारायचं, याच्या याद्या ते करत आणि अनोळखी माणसाला देत. माझ्या टेबलावरचा तो कागद अशाच एका यादीचा होता.

श्रोत्यांपैकी कोणी आपल्या गावात असं कनेक्शन घेतलं असेल, तर त्या पाच प्रश्नांची काय उत्तरं मिळाली, ते गावाच्या नावासह मला कळवा. इंदूर, हुबळी, हैदराबाद, पणजी, कुठूनही. एकत्र करून पुढच्या एखाद्या भागात वाचून दाखवीन. कोणाच्या तरी टेबलावर तो कागद उपयोगी पडेल.

पुढच्या भागात आपण परत वायरलेसकडे वळू. तोवर नमस्कार. जय हिंद.